आमचं शेवटी बघा

दादूची चावी चुलीशेजारच्या कोपऱ्यात उभी असायची. कमरेइतकी उंच लोखंडी सळई, वर दोन्ही हातांनी धरायची आडवी मूठ, खाली व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसणारी चौकोनी खोबण. करंजपेठच्या पंचायतीनं ती दादूच्या हाती दिली तेव्हा सरूबाईच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि अजित पोटात होता. चावी घरात आली म्हणजे पाणी घरात आलं, असं तिला त्या दिवशी वाटलं. वीस वर्षांची होती, तेवढं वाटायचंच.

त्याला आता छत्तीस वर्षं झाली.

करंजपेठ म्हणजे नसरापूरहून वेल्ह्याकडं जाताना लागणारं सातशे उंबऱ्यांचं गाव. खाली नदी, मधे पेठ, पेठेच्या डोक्यावर टाकी. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर बौद्धवाडी, एक्केचाळीस घरांची. टाकीचं पाणी पेठेत, वरच्या आळीत, शाळेकडं, एसटी स्टँडकडं फिरून झालं की जे उरायचं ते वाडीचं. वाडीला दोन सार्वजनिक नळ होते. एक टेकाडाच्या पायथ्याशी आणि दुसरा वर समाजमंदिरापाशी, सरूबाईच्या दारापासून बारा पावलांवर. वरच्या नळाला पाणी चढायचं ते टाकी भरलेली असतानाच. उरल्यासुरल्या पाण्याला तेवढा जोर कुठला! ते पायथ्याशीच थांबायचं, आणि तिथून वर एकशे बारा पायऱ्या. सरूबाई दिवसाला सहा खेपा करायची.

"वॉलवाल्याची मालकीण तू," हंडा डोक्यावर द्यायला हात लावताना शेजारची बनाबाई म्हणायची, "अन् आमच्यासंगं रांगंत? हलवायाच्या बायकूनं साखर उसनी मागावी तसं झालं की गं."

"तूच इचार जा त्यांना," सरूबाई म्हणायची.

तिनं स्वतः विचारून झालं होतं.

पाणी वर चढवता येत नव्हतं असं नाही. पेठेचे दोन व्हॉल्व्ह बंद ठेवून वाडीचा आधी उघडला की समाजमंदिराचा नळ फेस काढत वाहायचा. कामावर लागल्याच्या पहिल्या आठवड्यात दादूनं ते एकदा केलंही होतं. सरूबाई पोट सांभाळत बारा पावलं गेली, दोन कळश्या भरून आली आणि दारातच बसून हसत राहिली. त्या दिवशी पेठेत पाणी अर्धा तास उशिरा गेलं. कुणी भांडलं नाही. फक्त किराणा दुकानाच्या फळीवर बसलेले एक म्हातारे शेठ म्हणाले, "आता काय बाबा दादू, चावी तुमच्या हातात. आम्ही आपले तुमच्या मागनं." फळीवरचे सगळे हसले. दादूही हसला. घरी येऊन मात्र तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाडी शेवटी.

"चेष्टाच केली न्हवं त्यांनी?" सरूबाईनं विचारलं.

"चेष्टाच. पर उद्या तक्रारीचा कागुद हुईल."

"मग समद्यांना सारखं सोडा. एक दिस त्ये आदी, एक दिस आपन आदी."

"आपल्याला सारखं परवडत न्हाई, सरू. आपन जरा कमीच घ्यायचं. मंग कुनी बोट दावत न्हाई."

आणि खरंच, छत्तीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही. सरपंच नऊ बदलले, दादू तोच राहिला. पगार नाही, मानधन, रजा नाही, पावसात, तापात, अगदी बाप गेला त्या दिवशीसुद्धा पेठेला साडेसहाला पाणी. वाडीसाठी त्यानं एवढंच केलं होतं की सगळ्यात शेवटी तो पायथ्याच्या नळाशी येऊन उभा राहायचा आणि रांगेतला शेवटचा हंडा भरल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. टाकीचा तळ दिसू दे, पंप दुसऱ्यांदा चालवायला लागू दे, म्हातारीचा तांब्या असला तरी भरून जायचा. या एका गोष्टीवर वाडीतल्या बाया त्याला बाकीचं माफ करायच्या. सरूबाई करायची नाही. तिची पायरी एकशे बारावी होती.

पेठेत मालिनीबाई राहायच्या, शाळेत शिकवायच्या. त्यांच्याकडं दादूचा चहाचा कप मागच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा. तो खिडकीतून ओट्यावर, बाकीच्या कपांत यायला अकरा वर्षं लागली. ज्या दिवशी बाईंनी त्याला पुढच्या खोलीत खुर्ची दिली, त्या दिवशी घरी येऊन दादूनं ते दोनदा सांगितलं. सरूबाई भाकरी थापत होती.

"खुर्ची दिली ते ब्येस झालं," ती म्हणाली. "पानी कितीला दिलं त्यांना?"

"साडेसहाला. रोजच्यावानी."

"अन् आपल्याला?"

दादूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला.

त्याचंही एक होतं, आणि सरूबाईला ते ठाऊक होतं. पंतसचिवांच्या राज्यात, करंजपेठ भोर संस्थानात होती तेव्हा, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळातून पेठेतल्या दगडी हौदात आणलेलं होतं. नळात मुळ्या शिरल्या, पालापाचोळा अडकला की तो काढायचं काम वाडीचं. दादूच्या आज्यानं ते केलं, बाप सोनबानं केलं. खांद्यापर्यंत हात घालून नळ साफ करायचा, पाणी खळाळत हौदाकडं गेलं की ओढ्यावर जाऊन वाळूत झरा उकरायचा आणि त्यातलं वाटीवाटीनं भरून घरी न्यायचं. आजा एकदा चार माणसांबरोबर घाट उतरून महाडच्या तळ्यावर गेला, ओंजळभर पाणी प्यायला आणि माघारी येऊन पुन्हा वाळूतल्या झऱ्याशी बसला, असं घरात सांगत. त्या आज्याच्या नातवाच्या हातात गावाच्या पाण्याची चावी. दादूला ती जड वाटायची, आणि त्या वजनाचा त्याला मोठा अभिमान होता. माणसाला अभिमान असावा. पण अभिमानाचे हंडे दुसऱ्यानं वाहायचे, हे सरूबाईला कधी पटलं नाही.

चौपन्नाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा गेला. भोरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "बाई, आता डोक्यावर वजन बंद. जिने बंद." सरूबाईनं मान डोलवली. येताना नसरापुरातून तिनं वीस लिटरचा हंडा बदलून बारा लिटरचा घेतला. सहाच्या दहा खेपा झाल्या.

अजित पुण्यात धायरीला एका खोलीत राहायचा, बायको संजीवनी आणि चार वर्षांची मुलगी. संजीवनी पोरगी वाईट नव्हती. दिवाळीला यायची, दुसऱ्या दिवशी पायऱ्यांकडं बघायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायची. "आई, दारात नळ आला ना, की महिनाभर राहते बघा. तुम्हाला हंडा उचलू देणार नाही." सरूबाईनं ते वाक्य जपून ठेवलं होतं. सुनेनं दिलेल्या साडीपेक्षा ते तिला जास्त वेळा आठवायचं.

आणि दोन वर्षांमागं योजना आली. घरटी नळ. नवी टाकी, नवे पाईप, खाली पंपाशी विजेची पेटी, वेळ लावून ठेवली की आपोआप सुरू, आपोआप बंद. सरपंच मानसिंग यांनी ग्रामसभेत सांगितलं, "एकही घर सुटणार नाही." सरूबाई बायांच्या घोळक्यात मागं बसली होती. तिनं बनाबाईच्या मांडीवर चापट मारली.

कंत्राटदाराचा इंजिनिअर आला, स्वानंद नावाचा. पुण्याचा, पंचविशीतला, बोलायला नीट. त्यानं पंचायतीत जुन्या पाइपांचा नकाशा मागितला. ग्रामसेवकानं दोन कपाटं उघडली. एकात गेल्या निवडणुकीच्या पेट्यांच्या गोण्या आणि दुसऱ्यात उंदरांनी केलेला कागदाचा भुगा. "नकाशा म्हणजे आमचा दादू," मानसिंग म्हणाले.

त्या रात्रीच्या भाकरीला सरूबाईनं सुकटीची चटणी केली. दादूला आवडायची. तो खाऊ लागला तशी ती म्हणाली, "समदं एकदम सांगू नगा."

"काय?"

"वॉल कुठं कुठं हायेत त्ये. त्यांच्याकडं कागुद न्हाई. तुमच्याबगर त्यांचं पान हालत न्हाई. आदी आमच्या वाडीचा पाईप टाका म्हनावं, मंग पेठंचं दावतो."

दादू तिच्याकडं असा बघत राहिला, जणू तिनं चोरी करायला सांगितलीय. "गावाच्या पान्यावर सौदा करू म्हनती?"

"सौदा कसला! एकदा आदी म्हना. एकदाच."

"येडी हायेस," तो म्हणाला आणि चटणी पुन्हा मागितली.

दुसऱ्या दिवसापासून अकरा दिवस तो स्वानंदला गाव दाखवत हिंडला. तो पुढं चावी घेऊन, इंजिनिअर मागं मोबाईल घेऊन. दादू एका जागी थांबायचा, चावीनं जमिनीवर दोनदा ठोकायचा आणि म्हणायचा, "हितं." कामगार खणायचे, हातभर खाली व्हॉल्व्हचं डोकं लागायचं. स्वानंद मोबाईलवर ठिपका टाकायचा.

एक ठिपका जुन्या दवाखान्याच्या तिसऱ्या पायरीखाली पडला. संस्थानच्या वेळचा दवाखाना. भिंती दीड हात जाड, आत आता गणपती मंडळाचे बांबू. डॉक्टर मंगळवारी येत, तेही पंचायतीच्या व्हरांड्यात. एक ठिपका कचेरीच्या आवारात. कचेरी वेल्ह्याला गेली त्याला कित्येक वर्षं झाली, तिथं झेरॉक्सचं दुकान होतं आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वेल्ह्याला जाणारे लोक निघायच्या आधी तिथंच कागद काढायचे. एक ठिपका एसटी स्टँडवर. तिथं ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी मुक्कामाची खोली होती, खोलीला कुलूप होतं, पण बाहेरचा नळ दादू अजून न चुकता चालू ठेवत आला होता. कुणी मुक्कामाला नसलं म्हणून काय झालं. आणि पेठेतला दगडी हौद? तो कुठं गेला म्हणून स्वानंदनं विचारलं तेव्हा दादूनं बायकांच्या संडासाकडं बोट दाखवलं. "त्येच्या खाली. बुजवला. खापराचा नळ अजून हाये आत. पावसाळ्यात कान लावला तर आवाज येतुया."

"काका, हे सगळं कुठं लिहून का नाही ठेवलंत?"

"कुनी इचारलंच न्हाई, सायेब."

स्वानंदला खरोखर नवल वाटलं. त्यानं दादूचा फोटो काढला, स्वतःची टोपी त्याला दिली. अकराव्या दिवशी दुपारी दोघं टेकाड चढून वर आले. सरूबाईनं चहा ठेवलाच होता. सकाळी तिनं अंगण सारवलं होतं आणि दारापासून समाजमंदिरापर्यंतची बारा पावलं झाडून काढली होती, जणू पाईप त्याच संध्याकाळी यायचा होता. स्वानंद ओट्यावर टेकला, कप हातात घेतला. कप कोणता, कुठला, हे त्यानं बघितलंही नाही. चांगला मुलगा होता.

"गाव झालं, काका. आता तुमची वाडी मोजून घेऊ. काम कुठून सुरू करायचं ते मला आजच वर कळवायचंय. वाडी उंचावर आहे, इथून सुरू केलं तरी चालेल."

सरूबाईचा हात किटलीवर थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी परक्या माणसानं येऊन तो प्रश्न विचारला होता, दारात बसून, चहा पीत.

दादूनं टोपी काढली, पुन्हा घातली. "आमचं शेवटी बघा, सायेब," तो म्हणाला. "आदी गावाचं हुंद्या."

"नक्की?"

"व्हय, व्हय. आमाला काय, सवय हाये."

स्वानंदनं मान हलवली, मोबाईलवर काही तरी टिपलं. सरूबाईनं किटली खाली ठेवली. आतल्या खोलीत जाऊन ती बाबासाहेबांच्या फोटोखाली बसली. काही तरी बोलावं असं तिच्या मनात होतं, पण पाहुण्यासमोर नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा नाही, हे तिलाही तितकंच जुनं शिकवलेलं होतं. चूक दादूची म्हणायची, तर थोडी तिचीही म्हणायला हवी.

मग खणणं सुरू झालं. पेठ झाली, वरची आळी झाली, शाळेचा रस्ता झाला. पावसाळ्यात काम थांबलं, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं. नदीकाठी पुण्याच्या लोकांचे बंगले होणार होते, प्लॉटच्या नुसत्या कुंपणांपर्यंत पाईप गेला. तिथं अजून माणूस राहायला यायचा होता. बनाबाई ते बघून आली. "अगं, गवताला नळ दिलेत," ती म्हणाली.

माघ महिन्यात वाडीत ट्रॅक्टर आला. त्यात पाईप नव्हते, सिमेंटचे ठोकळे होते. प्रत्येक दारात एक ठोकळा रोवला, त्याला पितळी तोटी बसवली आणि निळ्या रंगात आकडा टाकला. सरूबाईचा आकडा एकोणचाळीस. एका पोऱ्यानं मोबाईल काढला आणि म्हणाला, "मावशी, नळाला हात लावून उभ्या राहा." ती आत गेली, साडी बदलून आली, आणि तोटीवर हात ठेवून उभी राहिली. फोटोत ती हसतेय. तोटी खाली कशालाही जोडलेली नव्हती; ठोकळा जमिनीवर नुसता बसवलेला होता. शेळीनं ढुशी दिली तर हलायचा.

"पाईप मागनं येतोय," पोऱ्या म्हणाला.

मार्च निघाला. पुण्याहून साहेब येणार, योजना पूर्ण झाली का बघणार, म्हणून ग्रामसभा बोलावली. आदल्या संध्याकाळी मानसिंग टेकाड चढून दादूकडं आले. सरपंच वाडीत वर चढून आला, म्हणून शेजारच्या बाया दारात उभ्या राहिल्या. मानसिंग धापा टाकत ओट्यावर बसले.

"दादूभाऊ, तुमच्याशी खोटं बोलत नाही. पाईप कमी पडलाय. कंत्राटदाराचं शेवटचं बिल अडकलंय, ते निघालं की पहिला पाईप तुमचा. पण त्याला पूर्णचा दाखला लागतो. उद्या साहेबांनी विचारलं तर येतं म्हणा. तुमच्या शब्दाला गावात किंमत आहे."

"अन् न्हाई आला पाईप तर?" सरूबाईनं दारातून विचारलं.

"वहिनी, छत्तीस वर्षं या माणसानं गावाला पाणी पाजलंय. गाव विसरेल होय?"

दादूचे डोळे भरून आले. सरूबाईनं ते पाहिलं, आणि तिथंच तिला कळलं, की हे गेलं.

तरी ती दुसऱ्या दिवशी सभेला गेली. मनाशी ठरवून गेली, की यानं काही म्हटलं तरी आपण उठायचं आणि सांगायचं: एकोणचाळीस नंबर, पाणी येत नाही. पायऱ्या उतरताना तिनं ते वाक्य दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं.

सभेत आधी सत्कार झाला. दादूच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. मालिनीबाई आता थकल्या होत्या, तरी काठी टेकत येऊन बोलल्या. "दादूनं कधी स्वतःच्या घराला आधी पाणी घेतलं नाही. असा माणूस मिळणार नाही." त्या मनापासून बोलत होत्या. लोकांनीही मनापासून टाळ्या वाजवल्या. मग पंचायतीनं चावी परत मागितली, कारण आता पेटीच सगळं करणार होती. शिपायानं ती भिंतीवर दोन खिळ्यांत आडवी बसवली, खाली पाटी: दादू सोनबा यांची सेवा, वर्षे छत्तीस.

साहेबांनी कागद पुढं ओढला. "टेकाडावरच्या वाडीत पाणी पोचतं ना? दादू, तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

सरूबाईनं जमिनीवर तळहात टेकला. गुडघा दुमडलेला होता, दीड तास मांडी घालून बसल्यानं लाकूड झाला होता. तिनं बनाबाईचा खांदा धरला, एक पाय सरळ केला.

"येतं," दादू म्हणाला.

ती उभी राहीपर्यंत टाळ्या झाल्या होत्या. साहेब सही करत होते. उभी राहिलीच आहे तर, म्हणून शिपायानं तिला बाहेरचा रस्ता करून दिला.

बिल निघालं. पाईप आला नाही. दादूनं महिनाभर मानसिंगांच्या दारात फेऱ्या घातल्या. मानसिंग कधी भोरला असत, कधी पुण्याला, कधी आत असूनही नसत. मग शेजारच्या पोराकडून नंबर लावून घेऊन त्यानं स्वानंदला फोन केला. स्वानंद दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कामावर होता. त्यानं ओळख ठेवली. "काका, माझ्या नोंदीत तुमची वाडी शेवटच्या टप्प्यात होती. तुम्हीच म्हणाला होतात ना? आता कागदावर एक्केचाळीस घरं पूर्ण आहेत. पूर्ण झालेल्या घरांना पुन्हा पाईप मंजूर होत नाही. मला खरंच वाईट वाटतंय." त्याला वाटत असणार. दादूनं मोबाईल सरूबाईच्या हातात परत दिला. आवाज मोठा करून ठेवलेला होता, तिनं ऐकलं होतं.

जुनी लाइन तर दादूनंच दाखवली होती, खणताना कामगारांनी ती तोडून टाकली. समाजमंदिराचा नळ कायमचा गेला. पायथ्याचा नळ तेवढा नव्या पाइपाला जोडून ठेवला होता, आणि त्याची वेळ पेटीनं ठरवली होती. सकाळी सात ते सात वीस. विसाव्या मिनिटाला पाणी जायचं, हंडा अर्धा असो की कुणाचा पदर नळाखाली असो.

संजीवनीचा फोन आला. "आई, नळ आला म्हणे? यांनी गावच्या ग्रुपवर तुमचा फोटो बघितला. छान दिसताय."

"आलाय," सरूबाई म्हणाली.

"मग सुट्टीत येते की आम्ही."

"ऊन लई हाये, पोरी. पोरीला उनाचं नगं आनू." मोबाईल ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपणही तेच बोललो, येतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी तिला उठता आलं नाही. गुडघा सुजून मडक्याएवढा झाला होता. घरात तांब्याच्या तळाशी कालचं वाटीभर पाणी उरलं होतं. तिनं बसल्या जागी चूल पेटवली, त्यातल्या निम्म्या पाण्यात पीठ मळलं, दोन भाकऱ्या थापल्या आणि दादूच्या पुढं ताट सरकवलं. छत्तीस वर्षं ताटाच्या उजव्या अंगाला तांब्या असायचा. आज नव्हता. दादूनं चार घास खाल्ले, पाचवा घशाशी अडकला. त्यानं उजवीकडं हात नेला, तो तसाच रिकामा फिरला.

"पानी?"

"आदी गावाचं हुंद्या," सरूबाई म्हणाली.

ती चढ्या आवाजात बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. दादू कोपऱ्याकडं बघत राहिला. चावी उभी असायची तिथं जमिनीवर गंजाचा एक गोल डाग होता, आणि डागावर आता बारा लिटरचा हंडा पालथा असायचा. त्यानं ताट तसंच सोडलं, हात सदऱ्याला पुसला, हंडा उचलला आणि बाहेर पडला.

आयुष्यात पहिल्यांदा तो पाणी भरायला निघाला होता. सरूबाई भिंतीला धरत दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर बसली. तिथून पायथा दिसायचा. रांगेत सात-आठ बाया होत्या. दादू आला तशी रांग हलली, बायांनी डोक्यावरचे पदर सारखे केले. वर ऐकू येत नव्हतं, पण बनाबाई हात हलवून बोलत होती ते दिसत होतं. पुढं या, पुढं या, असंच काही तरी. दादू दोन्ही हातांनी हंडा पोटाशी धरून मागं सरत होता, मागं सरत होता. शेवटी तो रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून दोघी आल्या. त्यांनाही त्यानं हातानं पुढं घातलं.

सरूबाईनं डोळे मिटले नाहीत. ती बघत राहिली.

पुढच्या बाया पांगल्या. दादू नळाशी वाकलेला दिसला, बराच वेळ वाकलेला. मग तो सरळ झाला आणि पायऱ्या चढू लागला. हंडा त्यानं डोक्यावर घेतला नव्हता, खांद्यावरही नाही. पोटाशी उभा धरला होता, तोंड वर, सांडू नये म्हणून धरतात तसा, आणि पाऊल बघून बघून टाकत होता. साठ पायऱ्यांवर तो बसला. पुन्हा उठला. बाप्या माणसाला सवय नाही, बारा लिटरही जड जाणार, ती मनात म्हणाली. वर्षानुवर्षं जे बोलायचं साठलं होतं ते जरा सैल झालं.

तो अंगणात आला. हंडा एकोणचाळीस नंबरच्या ठोकळ्याशी, तोटीखाली ठेवला आणि पाठ करून उभा राहिला.

सरूबाई चौकटीला धरून उठली. तेवढ्या वजनाची तयारी करून तिनं डावा पाय रोवला, उजव्या गुडघ्याला दम दिला, दात आवळले आणि काठाला धरून हंडा उचलला.

तो वाऱ्यावर आल्यासारखा वर आला. तिचा तोल गेला. तोटी धरून तिनं स्वतःला सावरलं, आणि ठोकळा हलला.

"किती जनी व्हत्या पुढं?" तिनं विचारलं.

"शेवटी दोघीच ऱ्हायल्या."

"मंग?"

"म्या म्हनलं, तुमी भरा." तो अजून पाठच करून उभा होता. "पेटीनं बंद केलं, सरू. मानसं उभी असताना बंद केलं."

तिनं हंडा आत नेला आणि डागावर पालथा घातला. ताटात त्याची अर्धी भाकरी तशीच होती. परातीला लागलेलं पीठ वाळायला लागलं होतं, ते तिनं नखानं खरवडून काढलं. तांब्यात तळाशी घोटभर पाणी होतं. ते त्याला द्यावं की उद्याच्या चहाला ठेवावं, याचा विचार करत ती चुलीपुढं बसून राहिली.